रेवणाची भिंत

“मग ती पाडायची कधी, तेवढं सांगा.”

रेवणसिद्धनं हे विचारलं तेव्हा गुरुपादआप्पा मठाच्या ओसरीवर विळी घेऊन वांगी चिरत बसले होते. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. आसपासच्या गावांतली माणसं दर्शनाला येणार, जेवून जाणार. हिवरसंगच्या मठात गुरूनं आशीर्वाद द्यायचा आणि शिष्यांनी राबायचं, अशी पद्धत नव्हती.

आप्पांनी हातातलं वांगं फिरवून पाहिलं. वरून चांगलं दिसत होतं. चिरलं तर आत कीड. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं.

“तुला काय वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग? तुमच्या शब्दाशिवाय मठातलं पान हलत नाही.”

“हं...” आप्पा म्हणाले आणि पुढचं वांगं विळीवर धरलं.

रेवणसिद्ध समोरच बसून राहिला. उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही, असं तो ठरवूनच आला होता. तसं तो दरवर्षीच ठरवून यायचा.

मंगळवेढ्याकडची काळी माती ज्यांनी पाहिलीय त्यांना तिचे गुण सांगायला नकोत. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वासराचा पाय अडकावा अशा भेगा तिला पडतात. ज्वारीवर तिची माया. भिंतींशी मात्र उभा दावा.

मठाला पूर्वी बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. दरवर्षी काटे तोडून आणायचे, रचायचे, आणि तरी शेळ्या कुठून तरी आत शिरून बेलाची रोपं फस्त करायच्या. रेवणसिद्ध तेव्हा नवा नवा मठात आला होता. डिप्लोमा झालेला, कालव्याच्या कामावर सुपरवायझर होता. संसारात मन रमेना म्हणून इकडे आला, पण येताना हुशारी आणि ती मिरवायची खोड दोन्ही बरोबर घेऊन आला. काटे कसले लावत बसता, मी पक्की भिंत घालतो, असं त्यानं आप्पांना सांगितलं.

आणि घातली. अंगणात साचे मांडून सिमेंटचे ब्लॉक त्यानं स्वतः तयार केले. खडी, दगडाची कच, सिमेंट स्वतः कालवलं. ब्लॉक ओल्या पोत्यांखाली झाकून त्यांवर पाणी मारत राहिला. आप्पा त्याच्या हाताखाली घागरी वाहायचे. भिंत उभी राहिली तेव्हा गाव बघायला आलं होतं.

मठात कशावरही कुणाचं नाव घालायचं नाही, असा जुना दंडक होता. कुणी तांब्या दान दिला तरी त्यावर नाव कोरलेलं चालायचं नाही. त्यामुळे भिंतीवरही नाव नव्हतं. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? गाव तिला रेवणाची भिंत म्हणू लागलं. नव्या माणसाला कुणी रस्ता सांगितला तर रेवणाच्या भिंतीपासून डावीकडे वळा म्हणायचे. रेवणसिद्ध ते कानाआड केल्यासारखं दाखवायचा. मनातून त्याला गोड वाटायचं.

वर्षं गेली, त्याचे केस पिकले, आणि भिंतीला रस्त्याच्या बाजूनं भेग गेली. ब्लॉकच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारी, तिरपी. पुढं भिंतच ओळंब्यातून गेली. रस्त्याकडे कलली. फार नाही, पण ज्याला बघता येतं त्याला दिसावं इतकी.

तेव्हापासून ती पाडून नवी घालायचं चाललं होतं. उन्हाळ्यात भेग आ वासायची, आणि रेवणसिद्धची झोप उडायची. पण उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, तर बांधकामाला कुठून आणायचं? पावसाळ्यात पाणी यायचं. मग माती फुगायची आणि भेग मिटायची. भिंत सावरली बघा, असं लोक म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर रेवणसिद्धलाही तसं वाटून घ्यायला आवडायचं. श्रावणात मठात पाय ठेवायला जागा नसायची. नंतर सुगी. माघात जत्रा. जत्रेआधी भिंतीला चुना लागायचा, आणि ती अशी पांढरीशुभ्र दिसायची की पाडायचा विषय काढणं अशुभ वाटावं. जत्रा झाली की पुन्हा उन्हाळा यायचाच.

आणि उन्हाळ्यात रेवणसिद्ध आप्पांकडे यायचा. कधी पाडू, सांगा म्हणायचा. भिंत तू घातलीस, तूच बघ, असं आप्पा म्हणायचे. तो मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडायचा आणि आप्पांनी काही सांगितलं नाही, असं चारचौघांत बोलायला मोकळा व्हायचा.

या वर्षी मात्र त्याला स्वस्थ बसवेना.

“आज सकाळी काच पुन्हा तडकली,” तो म्हणाला.

भेग वाढतेय की थांबलीय हे ओळखायची एक साधी रीत असते. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी बसवायची, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करायची. भेग जराही हलली तर काच तडकते. कालव्याच्या कामावर असताना तो हे शिकला होता, आणि मठात कुणाला ते ठाऊक नसल्यामुळे दाखवताना त्याला थोडा अभिमानही वाटायचा.

“मग?” आप्पांनी विचारलं.

“नवी बसवली.”

विळीवरचा आप्पांचा हात थांबला.

“लगेच?”

“हो. तडकलेली ठेवून काय...”

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. का राहिलं, ते त्याला तेव्हा कळलं नाही.

आप्पा उठले. गुडघ्यांवर हात टेकत सावकाश आत गेले आणि एक फडक्याचं गाठोडं घेऊन आले. रेवणसिद्धच्या पुढ्यात ठेवून त्यांनी गाठ सोडली. आत काचा होत्या. लांबट, अर्ध्या, कोपरा गेलेल्या, टोकाला सिमेंटचा ढेपसा चिकटलेल्या.

रेवणसिद्धनं त्या ओळखल्या. तडकलेली पट्टी खरवडून तो भिंतीच्या पायथ्याशीच टाकायचा. तिथून माणसं अनवाणी जातात, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. म्हातारे आप्पा वाकून वाकून त्या वेचत होते, आणि आपण नव्या बसवत होतो. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चुकलं माझं. मी उचलायला हव्या होत्या.”

“उचलल्या मी. त्याचं काही नाही.” आप्पा पुन्हा विळीशी बसले. “यातली कुठली काच खोटं बोलली, तेवढं सांग.”

रेवणसिद्धनं एक काच उचलून परत खाली ठेवली.

मग त्याच्यातला सुपरवायझर जागा झाला. त्यानं आप्पांना समजावून सांगायला सुरुवात केली. काळ्या रानात भिंतींना भेगा जायच्याच, सगळ्याच काही धोक्याच्या नसतात, ऋतूप्रमाणे उघडतात नि मिटतात, काच फार नाजूक असते, जरा ऊन तापलं तरी तडकते. बोलता बोलता त्याचा आवाज भरदार झाला. आप्पांनी त्याला मध्येच अडवलं नाही. अख्खं वांगं चिरून होईपर्यंत ऐकून घेतलं.

“शिवाय पावसात भेग मिटते, आप्पा.”

“मिटते?”

“म्हणजे... दिसत नाही.”

आप्पांनी चिरलेल्या फोडी पातेल्यात लोटल्या.

“रेवणा, तिथं मुरूम लागला होता का रे?”

आप्पांनी हे वर न बघता विचारलं.

काळ्या मातीत पाया खणायचा तो खालचा कठीण मुरूम लागेपर्यंत, हे त्या मुलखात गवंड्याच्या म्हशीलाही माहीत असावं. भिंतीच्या बाकी सगळ्या बाजूंनी रेवणसिद्धनं तसंच खणलं होतं. रस्त्याच्या बाजूला मात्र खणत गेलं तरी काळी मातीच निघत राहिली. जत्रा तोंडावर आली होती. जत्रेला आलेल्या लोकांनी भिंत बघावी, असं त्याला फार वाटत होतं. त्यानं खणणं थांबवलं, तळाशी दगड चोपले आणि पाया भरून टाकला. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी कधी विचारलंही नव्हतं.

“तुम्हाला कुणी...”

“मी तुला विचारतोय.”

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. ओसरीची फरशी किंचित थरथरली. रेवणसिद्धला भिंत आठवली आणि त्याचे कान तिकडे लागले. ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत ते तिकडेच होते.

“नाही,” तो म्हणाला. “मुरूम लागला नव्हता.”

आप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. भाजीचं पातेलं थोडं पुढं सरकवलं, एवढंच.

“आता तरी सांगा, आप्पा. तुम्ही म्हणाल त्या दिवशी पाडतो.”

“निलाक्का कुठं बसलीय आत्ता?”

निलाक्का म्हणजे मठाबाहेर बेलपान, नारळ, उदबत्ती विकणारी म्हातारी. दुपारनंतर रस्त्याच्या बाजूला भिंतीची सावली पडायची. त्या सावलीत, भिंतीला पाठ लावून ती बसायची. अमावास्येला तर तिच्या शेजारी बायामाणसांची रांगच बसायची, दर्शनाची वाट बघत.

“रोजच्या जागी,” रेवणसिद्ध म्हणाला. मग घाईनं पुढं म्हणाला, “तिला मी सांगितलं होतं जरा लांब बस म्हणून. ऐकत नाही ती.”

“काय सांगितलं होतंस?”

“की... इथं ऊन येतं. लिंबाखाली गार आहे.”

“ऊन,” आप्पा म्हणाले.

रेवणसिद्धनं मान खाली घातली.

“जा. तिला खरं सांगून ये. उद्या माणसं यायच्या आत.”

रेवणसिद्ध उठला, पण त्याचा पाय निघेना. निलाक्काला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. आप्पांच्या मागं मठ रेवणसिद्धनंच बघायचा, हे गावानं धरून ठेवलं होतं, आणि त्यानंही. ज्याला एक भिंत सरळ घालता आली नाही, त्याच्या हाती मठ कोण देईल? उद्या जेवणाच्या पंगतीत हाच विषय निघणार, आणि वाढपी म्हणून त्याला त्याच पंगतीतून फिरावं लागणार. त्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पा वांगी चिरत होते.

तो बाहेर गेला.

निलाक्का तीन दळांची बेलपानं निवडून त्यांच्या जुड्या बांधत होती. पाठ भिंतीला, पाय पसरलेले. तिच्या डोक्याच्या जरा वर भेग होती, आणि भेगेत ठोकलेल्या लाकडी खुंटीला झेंडूच्या माळा टांगलेल्या. तिच्याही वर, सकाळी बसवलेली नवी काच चमकत होती.

“बसा की रेवणाप्पा. पाणी देऊ?”

तो बसला नाही. उद्या गर्दी फार होणार, म्हणाला. हो म्हणाली. लिंबाखाली जागा ऐसपैस आहे, म्हणाला. तिथं कावळे घाण करतात, म्हणाली. रस्त्याची धूळ तुझ्या मालावर बसते, असंही त्यानं सांगून पाहिलं. तिनं हसून फडक्यानं नारळ पुसले.

“बरं झालं तुमीच आलासा,” ती म्हणाली. “ही खुंटी बगा की. पार सैल झालीया. माळा लावल्या की खाली येतीया. मागच्या साली तुमीच दिली हुती नव्हं तासून? आता जरा जाड द्या अजून.”

रेवणसिद्धनं खुंटीकडे पाहिलं. खरंच, मागच्या उन्हाळ्यात त्यानंच ती बाभळीच्या फांदीची तासून दिली होती, आधीची भेगेत बसेनाशी झाली म्हणून. जाड करून. निलाक्कानं त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला होता आणि तो खूश होऊन आत गेला होता.

त्यानं हात लावला. खुंटी अलगद त्याच्या हातात आली. माळा मातीत पडल्या.

“राहू द्या, मी उचलते,” निलाक्का म्हणाली आणि उठण्यासाठी तिनं मागं भिंतीवर हाताचा भार दिला. “माझ्या घरच्या भिंतीला बी मी अशी टेकत न्हाई, रेवणाप्पा. ती कवा अंगावर येईल, नेम न्हाई. पर ही तुमची हाय.”

तिनं हे सहज म्हटलं. रेवणसिद्धच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. भिंतीचं कौतुक त्यानं आजवर किती ऐकलं होतं. या वेळी पहिल्यांदाच त्याला ते ऐकवेना.

“निलाक्का, ही भिंत पडणार आहे.”

“कोन म्हनतं?”

“मी म्हणतोय. इथं पायाच कच्चा आहे. मुरूम लागला नव्हता, तरी मी तसाच भरला. कधी पडेल सांगता येत नाही. तू इथं बसू नकोस.”

निलाक्का त्याच्याकडे बघत राहिली... भिंतीवरचा हात तिनं हळूच काढून घेतला. मग वाकून माळा उचलल्या, झटकल्या आणि टोपलीत ठेवल्या. टोपली काखेला मारून रस्ता ओलांडायला निघाली, आणि अर्ध्यावर थांबून मागं वळली.

“आन मग इतकी वर्सं ऊन लागतंय म्हनून का सांगत हुतासा?”

रेवणसिद्धनं तिचं नारळाचं पोतं खांद्यावर घेतलं आणि तिच्या मागून लिंबाकडे चालू लागला.

पोतं ठेवून तो परत आला तो कोयता घेऊनच. ओढ्याकडच्या बाभळीच्या फांद्या तोडून त्यानं ओढत आणल्या आणि भिंतीपासून चांगलं अंतर सोडून कुंपण रचायला घेतलं, पूर्वी मठाला असायचं तसंच. आत कुणी जाऊ नये, टेकू नये, सावली बघून बसू नये. काटे हातांत घुसत होते. येणारेजाणारे थांबून विचारू लागले, की हे काय नवीन.

“भिंत पडणार आहे,” तो सांगायचा. “पाया मी कच्चा भरलाय.”

पहिल्यांदा सांगताना तो जमिनीकडे बघत होता. दूध घालून परतणाऱ्या माणसाला सांगताना मान वर होती. पुढं पुढं तर कुणी न विचारताच तो सांगू लागला. एक जण हसला. एकानं नुसती मान डोलावली आणि सायकल भिंतीला लावून फांद्या ओढू लागायला आला. त्याला आधी ती सायकल काढायला लावावी लागली.

दिवस कलला तेव्हा काट्यांची रांग पुरी झाली होती. तिच्यापलीकडे भिंत उभीच होती, सकाळी होती तशी. काचही शाबूत होती. रेवणसिद्धनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तो आत वळला.

ओसरीवर वांगी संपली होती. आप्पा पातेल्यातल्या पाण्यात फोडी बुडवून ठेवत होते. गाठोड्यातल्या काचा अजून तिथंच उघड्या पडल्या होत्या. रेवणसिद्ध समोर बसला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते.

आप्पांनी आपल्या पंच्याचं टोक पाण्यात बुडवलं, त्याचा एक हात पुढं ओढून घेतला आणि त्यावरचं रक्त पुसू लागले.

“सांगितलं तिला,” रेवणसिद्ध म्हणाला.

“हं...”

“सगळ्यांना सांगितलं.”

आप्पांनी दुसरा हात मागितला. त्यानं दिला. मग रेवणसिद्धनंच पुन्हा विचारलं. या वेळी त्याला खरंच उत्तर हवं होतं.

“आप्पा, भिंत पाडायची कधी?”

आप्पांनी त्याच्या तळहातात रुतलेला काटा नखानं काढला, निरखून पाहिला आणि काचांच्या गाठोड्यात टाकला.

“ती तर मघाशीच पडली, रेवणा. आता नुसते ब्लॉक काढायचे राहिलेत.”